बर्फावर जाताना



फेब्रुवारीत आम्ही औलीला जाऊन आलो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना फोटोंमुळे कळलंच आहे. तेव्हापासून पनवेलला देवदर्शनाला गेले की दोनच प्रश्न येतात. खाण्याचं काय केलंत, हा पहिला. दुसरा जरा आवाज खाली आणून विचारतात: "अहो, पण बर्फावर घसरणं म्हणजे जीवहिंसा नाही का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, ते मधेमधे येईलच. दुसरा प्रश्न मात्र कुणा बाहेरच्या बाईने विचारायच्या आधी आमच्याच घरात निघाला होता, आणि तोही आठवीतल्या मुलीकडून.

सहल ठरली ती ह्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या गप्पांतून. आम्ही करंज्याला राहतो. एका बाजूला मासे वाळवायची जागा, दुसऱ्या बाजूला द्रोणागिरीचा डोंगर, समोर रेवसला जाणारी तर. शेजारचं घर कोळ्यांचं. वहिनी आणि मी गेली अकरा वर्षं एकमेकींच्या दारात उभ्या राहून बोलतोय. त्या माझ्या स्वयंपाकघरात येत नाहीत ते माझ्या सोवळ्यासाठी, आणि मी त्यांच्या ओसरीवर तासन्‌तास बसते ते त्यांच्या बोलण्यासाठी. तिसरं कुटुंब पनवेलच्या भाभींचं. ते कच्छी, श्वेतांबर. त्यांचा मोठा मुलगा कॅनडात शिकून आला, येताना स्नोबोर्ड घेऊन आला, आणि तो बोर्ड वर्षभर त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीखाली उभा होता. त्या बोर्डाने सगळ्यांना नादी लावलं. तीन घरं, अकरा माणसं. शिवजयंतीच्या सोमवारला जोडून मुलांच्या शाळेचे चार दिवस बुडवायचे ठरले.

त्या रात्री जेवताना धाकटी म्हणाली, "आई, जत्रेत मला बर्फाचा गोळा एकदाही खाऊ दिला नाहीस. अभक्ष्य म्हणालीस. आणि आता आख्ख्या डोंगरभर बर्फावर नाचायला जायचं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंनी ताटाकडे.

तिचं म्हणणं चूक नव्हतं. बावीस अभक्ष्यांत बर्फही आहे आणि गाराही आहेत. मूलाचारात दंव, हिम, धुकं हे सगळे जलकायिक जीव सांगितले आहेत. आपल्या दृष्टीने बर्फ म्हणजे गोठलेलं निर्जीव पाणी नव्हे. एकेंद्रिय जीवांचं ते शरीर आहे. पाणी गाळून वापरायचं, नळ उगाच सोडायचा नाही, हे लहानपणापासून शिकवलेल्या मुलीला बर्फावरून सुसाट जायला कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी मी रत्नकरंड श्रावकाचार काढला. पाठशाळेत अणुव्रतांपाशी आपण थांबतो आणि गुणव्रतं घाईत उरकतो, असा माझा अनुभव आहे. तिथे अनर्थदंडाचे प्रकार दिले आहेत, आणि त्यांतला एक प्रमादचर्या. समंतभद्र स्वामींनी त्यात काय काय घातलंय ते पाहा: विनाकारण जमीन उकरणं, पाणी उधळणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडंपाला तोडणं. आणि त्याच ओळीत पुढे: विनाकारण भटकणं, आणि दुसऱ्याला भटकायला लावणं.

मी हे शेवटचं दोनदा वाचलं. बर्फाचा प्रश्न घेऊन बसले होते आणि पुस्तकाने सहलीचाच प्रश्न काढला.

गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्या शास्त्रालाही मान्य आहे. पोळी भाजायला अग्नी लागतो, अंघोळीला पाणी लागतं. त्रस जीवांची जाणूनबुजून हिंसा नको, आणि स्थावरांची गरजेपुरतीच. तेव्हा अडतं ते गरज या शब्दावर. जोशीमठच्या बाईला घरातून दुकानापर्यंत बर्फ तुडवत जावं लागतं, ती गरज. नॉर्वेसारख्या देशांत हजारो वर्षं लोक लाकडी पट्ट्या पायाला बांधून शिकारीला, शेजारच्या गावाला जात. स्की हा शब्दच तिकडचा, मूळ अर्थ फोडलेलं लाकूड. त्यांची ती बैलगाडी. पण आम्ही? आमच्या मोठ्याने लगेच शोधून सांगितलं की स्नोबोर्डची सुरुवात तर निव्वळ खेळातूनच झाली. १९६५ साली नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपन नावाच्या माणसाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकत्र बांधल्या आणि त्यांना बर्फाच्या उतारावर सोडलं. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तोच खेळ पोचला. "म्हणजे हा शंभर टक्के अनर्थदंड," धाकटी म्हणाली. तिला तो शब्द फार आवडला होता.

सासूबाई यात पडल्या नाहीत. त्यांनी दिग्व्रत घेतलंय, उत्तरेला हस्तिनापूरपर्यंत. एकदा यात्रेला जाऊन आल्या तेव्हा ती हद्द ठरवली. त्या येणार नव्हत्याच. फक्त एवढं म्हणाल्या, "जायचं तर हद्द घालून जा. नुसतं जाऊ नका."

त्यावरून मी आणि मुलांनी बसून देशव्रत लिहिलं, पाच दिवसांपुरतं. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर बर्फावर नाही. आखलेल्या उताराबाहेर नाही. बर्फाचे गोळे मारामारी नाही. बर्फ तोंडात घालायचा नाही. स्नो स्कूटर नाही. रात्रीची शेकोटी नाही. त्यात तर किडेही जातात. आणि आपण जे पाणी वापरू ते गाळून, मोजून. मोठा भांडला. त्याचा मुद्दा होता, स्की चालते आणि बर्फाचा गोळा चालत नाही, हे कुठलं लॉजिक? मी त्याला म्हटलं, स्कीसुद्धा गरजेची आहे असं मी म्हणतच नाही. मित्रांबरोबर, घरच्यांबरोबर एकदा हे करावं असं वाटतंय, तेवढंच तिचं कारण. तेवढ्या कारणाला जेवढं लागेल तेवढं करू. त्याला हे पटलं की नाही मला माहीत नाही. पण यादीवर त्याने सही केली.

आता तयारीचं सांगते, कारण ते कामाचं आहे. जाकिटं विकत घेताना आतलं लेबल वाचा. "डाऊन" लिहिलं असेल तर आत बदकाची किंवा हंसाची पिसं असतात. पॉलिएस्टर भरलेली जाकिटंही तितकीच उबदार मिळतात, आणि ओली झाली तर लवकर वाळतात. हातमोज्यांचे तळवे बऱ्याचदा चामड्याचे असतात; तिथे भाड्याने मिळणारे तर हमखास. म्हणून हातमोजे इथूनच न्या. स्कीचे बूट प्लॅस्टिकचे असतात, तेव्हा त्यांची चिंता नाही, चालण्याची मात्र आहे! पायाला सिमेंट लावल्यासारखं वाटतं.

पीठ मी १४ तारखेला दळून आणलं. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवसांची, त्यामुळे हिशोब बरोबर बसत होता. जोशीमठात हॉटेलऐवजी एका घरातल्या दोन मजल्यांवर राहायचं ठरवलं, स्वयंपाकघर हाताशी हवं म्हणून. कुकर, तवा, गाळायची फडकी, मूगडाळ, तांदूळ, दशम्या, भाभींचे खाकरे. वहिनींनी निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं, "पाच दिवस आम्ही तुमच्यातलंच खातो. सुकट घरीच ठेवली." मग थोडं थांबून, "पण रात्री पोरं मॅगी मागतील हां."

लोकमान्य टिळक टर्मिनसवरून हरिद्वार, तिथे एक मुक्काम, आणि मग पहाटे दोन गाड्या करून वर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. वाटेत गढवालच्या श्रीनगरला दिगंबर जैन मंदिर आहे, तिथे दर्शन घेतलं. आदिनाथ भगवानांचं निर्वाण कैलासावर, म्हणजे याच हिमालयाच्या पलीकडे, हे मुलांना सांगितलं. नकाशात कैलास किती लांब आहे ते पाहून त्यांचा उत्साह जरा मावळला. जोशीमठला पोचेपर्यंत दिवस कलला होता.

तिथे पहिली अडचण सूर्याची. फेब्रुवारीच्या त्या दिवसांत आपल्याकडे सूर्यास्त ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. जोशीमठला सहा वाजताच. आपण पूर्वेकडे गेलेलो असतो ना, घड्याळ मात्र तेच. त्यात डोंगर इतके उंच की सूर्य त्याआधीच दिसेनासा होतो. अनस्तमी पाळणाऱ्यांना, त्यातही दोन घटका आधी उठायचं तर, सव्वापाचला ताट संपलं पाहिजे. म्हणजे औलीहून चारला निघून, अर्धा-पाऊण तास घाटाने उतरून, आल्या आल्या पानं घ्यायची. म्हणून मी आणि भाभी पहाटेच डाळभात लावून ठेवायचो. तिथे दुसरी गंमत. समुद्राकाठी पाणी १०० अंशांना उकळतं, जोशीमठच्या उंचीवर ९४ च्या आसपासच. कुकर नसता तर मूगडाळ शिजलीच नसती. दोन शिट्ट्यांची डाळ चार शिट्ट्या घेत होती.

आणि रात्री आठला खालच्या मजल्यावरून मॅगीचा वास. माझी मुलं गोधडीत. धाकटीने गोधडी नाकावर ओढून घेतली. वहिनींना ते कळलं असावं. दुसऱ्या रात्रीपासून खालचं स्वयंपाकघराचं दार लावलेलं असायचं. मी त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं.

जोशीमठहून औलीला पूर्वी रोपवेने जाता येई, जवळजवळ चार किलोमीटरचा. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली, आठशेहून जास्त घरांना तडे गेले, तेव्हापासून तो बंद. आम्ही साखळ्या लावलेल्या जीपने गेलो. त्या वर्षी जानेवारी कोरडाच गेला होता. गुलमर्गसारखं ठिकाणही महिनाभर उघडं पडलेलं सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. औलीतही महिनाअखेरपर्यंत काही नव्हतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पडला म्हणून आमची सहल झाली. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी औलीत बर्फ तयार करायची यंत्रं बसवली आणि त्यांच्या पाण्यासाठी वर एक तळं बांधलं. तळं पाहिलं. पाणी उपसायचं, ते हवेत फवारून गोठवायचं, आणि त्यावर खेळायचं. निसर्गाने पाडलेल्या बर्फाबद्दल मी चार रात्री विचार केला होता. या यंत्रांबद्दल माझ्या मनात विचार करण्यासारखं काही उरलं नाही. ते मला नको.

शिकवणारा मुलगा तिथलाच, लहानपणापासून स्कीवर. पहिला तास नुसतं पडायचं कसं हे शिकवलं. बाजूला पडा, मागे नको, आणि उठताना स्की उताराला आडव्या ठेवा. मग दोन शब्द. स्कीची टोकं पुढे जवळ, मागे फाकलेली, म्हणजे "पिज़्ज़ा", त्याने थांबतो. दोन्ही सरळ समांतर, म्हणजे "फ्रेंच फ्राइज", त्याने सुटतो. "मैडम, पिज़्ज़ा! पिज़्ज़ा!" तो ओरडत होता आणि धाकटी हसत हसत खाली बसली. "आई, आपल्याला बिनकांद्याचा पिझ्झा चालतो, बटाट्याचे फ्राइज नाहीत. तू नुसती थांबतच राहा!" मी खरंच तेच केलं. दोन दिवसांत माझी मजल हलक्या उतारावर पन्नास-साठ पावलं, आणि ती सगळी पिझ्झा करून.

खरं सांगू? मला फार आवडलं. चव्वेचाळीसाव्या वर्षी आपलं शरीर पुढे जातंय आणि आपण त्याला फक्त दिशा देतोय, हे मला माहीतच नव्हतं. भीती होती, आणि भीतीच्या खाली हसू होतं. वहिनी तर समुद्रावरच्या. होडीवर उभं राहायची सवय असलेली बाई. त्यांचा तोल जाईना. तासाभरात त्या माझ्या पुढे. भाभींच्या मुलाने मोठ्याला स्नोबोर्ड शिकवला. त्यात दोन्ही पाय एकाच फळीला, म्हणून नवशिक्याला उभं राहून थांबणं अवघड जातं. नवशिके बहुधा बसूनच थांबतात. दोघं अर्धा दिवस बसलेलेच दिसत होते.

दुपारी चहाच्या टपरीपाशी कुणीतरी समोरची शिखरं दाखवली. नंदादेवी. आणि डावीकडे, ते द्रोणागिरी, ७,०६६ मीटर. वहिनी एकदम उभ्या राहिल्या. "आमची द्रोणागिरी?" त्यांनी चपला नव्हत्याच पायात, ते जड बूट होते, तरी ते काढायला खाली वाकल्या. मग तसाच नमस्कार केला. करंज्याच्या डोंगराची गोष्ट तुम्हाला माहीत असेल: मारुतीने संजीवनीसाठी पर्वत उचलून नेला तेव्हा त्याचा तुकडा इथे पडला. आणि तिकडे द्रोणागिरी नावाच्याच गावात, डोंगर नेला म्हणून लोक मारुतीची पूजा करत नाहीत. वहिनींना हे ऐकून वाईट वाटलं. "आपल्याकडे आलाय म्हणून सांगायला पाहिजे त्यांना," म्हणाल्या.

आपल्या पद्मपुराणात पर्वत नाही. तिथे लक्ष्मणाला बरं करते ती विशल्या, तिच्या स्नानाच्या पाण्याने. आणि ती मुलगी कुणाची? द्रोणमेघ राजाची. म्हणजे द्रोण आहेच. मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यात बाईने वाचवला होय? चांगलंय." तेवढ्यात मागून माझ्या पाठीवर बर्फाचा गोळा फुटला. फेकणारा वहिनींचा मुलगा. माझ्या मोठ्याने खाली वाकून मूठ भरली, मूठ वर नेली, आणि धाकटीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. त्याने मूठ हळूच उघडून बर्फ होता तिथेच ठेवला. अख्ख्या सहलीत मला सगळ्यात जास्त आठवतंय ते हे.

मंगळवारी सकाळपासून बर्फ पडायला लागला. औलीचा रस्ता बंद. आम्ही जोशीमठातच फिरलो. नरसिंह मंदिराच्या बाजूने खाली गेलो तर घरांवर लाल रंगाच्या फुल्या. राहू नये अशी घरं. एका घराच्या आरपार फट, आत कॅलेंडर अजून भिंतीवर. धाकटीने विचारलं, "इथे आपल्यासारखे एवढे लोक येतात, गाड्या येतात, त्याने होतं का हे?" ह्यांनी जमेल तसं समजावलं: गाव जुन्या दरड कोसळून साचलेल्या मातीवर वसलंय, हे १९७६ सालीच मिश्रा समितीने सांगितलं होतं, मोठी बांधकामं करू नका असंही सांगितलं होतं, मग घरं वाढली, हॉटेलं वाढली, सांडपाणी मुरत गेलं, बोगदे आले. "म्हणजे थोडं आपल्यामुळे," ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या दुकानात आम्ही लोकरी टोप्या पाहत होतो. दुकानातल्या बाईंना मी विचारलं, आम्ही येतो त्याचा त्रास होतो का. त्या माझ्याकडे जरा चमकून बघायला लागल्या. गेल्या हंगामात कुणी आलं नाही, मुलाच्या शाळेची फी उधारीवर गेली, म्हणाल्या. या, पण पाणी जपून वापरा.

भटकायला लावणं, असं पुस्तकात होतं. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आमचे ड्रायव्हर आणि हमाल होते. या बाई नव्हत्या. आमच्या येण्याने त्यांच्या पायाखालची जमीन जड होते आणि आमच्या न येण्याने त्यांची चूल. याचं उत्तर रत्नकरंडात मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी माताजींना विचारलंत तर मलाही कळवा.

घरी आल्यावर सासूबाईंनी फोटो पाहिले, वहिनींचा वाकलेला फोटो दोनदा. मग कपाटातून माझ्यासाठी नवी वही काढून दिली. मीही दिग्व्रत घेतलं. दहा दिशा असतात, त्यात वर आणि खालीही धरायची. वरच्या दिशेपुढे, औलीचा सगळ्यात वरचा उतार धरून, ३,१०० मीटर लिहिलं.

भाभींनी पुढच्या वर्षी गुलमर्गचं काढलंय. तिथला पाळणा दोन टप्प्यांत वर जातो, दुसरा टप्पा ३,७०० मीटरच्याही वर. धाकटीने माझी वही घेऊन त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे तू कोंगडोरीला उतरणार. आम्ही वरून हात करू." मोठा म्हणाला, "मीही आईबरोबर उतरतो, खाली उतार जास्त चांगला आहे." सासूबाईंनी विचारलं की तिथे सूर्यास्त किती वाजता होतो. मोठा फोनवर ते पाहत बसलाय.